मधला चेहरा

आडवं करून खुणा करायच्या नसतात.
आडवं झालं की गाल आपसूक कानांकडे सरकतात,
साठीची बाई पंचेचाळिशीची होते
माझा चाकू न लागता.
म्हणून शालनबाय, सरळ बसा,
बघा खिडकीतून फोंड्याच्या स्टँडकडे,
त्या सावय-सावय ओरडणाऱ्या कंडक्टरकडे,
आणि पडू द्या जे पडायचं ते.

जांभळी शाई. पापणीच्या कडेखालून पहिली रेघ,
दुसरी गालाच्या हाडावर, जिथे चरबीची उशी होती.
आता ती बोटभर खाली उतरून
नाकाशेजारच्या घडीवर रेलून बसली आहे.
"काढून टाकतलीस?"
नाही. काहीच काढणार नाही.
हाडावरून सुटी करून वर नेणार,
कानशिलाच्या पडद्याला टाक्याने बांधणार.
मिरीची वेल सुटली की पोफळीला
पुन्हा बांधता ना, तसं.
"आमचं कुळागर," त्या म्हणाल्या,
आणि थांबल्या.

मग: तरुण नको करू मला.
सकाळी आरशात ताय येते. माझी थोरली.
सावईवेऱ्याला असते.
एकोणीस वर्षं आम्ही कोर्टातच भेटतो,
आणि आता दात घासतानाही तिचंच तोंड.
तेवढी घालव.

फॉर्मवर 'कारण' असा रकाना आहे.
मी लिहिलं: थकलेलं दिसणं.

दोन तास चाळीस मिनिटं.
डोळ्याच्या खोबणीखाली हाडाला एक भोक,
त्यातून नस निघते; ती दुखावली तर
ओठाला महिनोन्‌महिने चहाचा कप कळत नाही.
तिला वळसा घातला.
मग टाका, खोल, हाडाच्या आवरणातून.
ओढताना हाव धरली तर माणूस
जन्मभर दचकलेला दिसतो.
मी ओढलं. जास्त वाटलं. गाठ सोडली.
पुन्हा बांधली, थोडी हार पत्करून.

सातव्या दिवशी पापणीचे टाके काढले.
सूज होती, निळ्याचं हळदी झालेलं होतं.
हातात आरसा दिला.
बराच वेळ काही नाही.
बोट त्यांनी गालाला नाही, काचेला लावलं.
"ही तायच," म्हणाल्या,
"पण बाबांच्या बाराव्याच्या आधीची."

मी नेहमीचंच सांगितलं:
पंधरा दिवस वाकायचं नाही,
रडायचं नाही,
शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं.
पहिलं आणि तिसरं त्यांनी पाळलं.