उजव्या कुशीचा आवाज

सदलग्यात उसाची तोड चालू होती,
वाळकं वाडं दारात ढिगानं.
रायगोंडानं लाडानं दोन पेंढ्या जास्त घातल्या,
परवा बोरगावच्या शर्यतीत
पहिली आली होती न्हवं चंदना.

रात्री ती कुशीकडं मान वळवून बघायला लागली,
जसं कुणी मागनं हाक मारतंय.
मग बसली. मग लोळली.
चारी पाय आभाळाकडं झाले
तेव्हा भाऊ खांबाला धरून रडला.

डॉक्टर कणबर्गीबाई चिक्कोडीहून स्कूटीवर आल्या,
डोक्याला मफलर.
ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबला, सोडला, मोजलं.
डाव्या कुशीला कान.
उजव्या कुशीला कान, बराच वेळ.
"इथं काहीच बोलत नाही.
पोट उघडायचं तर बेंगळूर,
आणि वाटेत ही लोळणार.
हिरड्या गुलाबी आहेत तोवर
चाकूचं नाव काढायचं नाही."

नाकपुडीतनं नळी गेली.
आधी वारा सुटला, आंबलेल्या रसाचा,
मग तेल, कोमट पाणी, मीठ.
बाई फनेल उंच धरून उभ्या,
हात थरथरला तरी खाली नाही आणला.

मग चालणं.
बस्तीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत,
दहा मिनिटं चाल, वीस मिनिटं उभी.
भाऊ मराठीत शपथा घालत होता,
शेजारची बसव्वा कानडीत: नडी अव्वा, नडी.
चंदना दोघांकडं कान फिरवायची,
पाय स्वतःच्या हिशोबानं टाकायची.
पाटीवरनं जिथं दरवर्षी भांडणं होतात
त्या चौकात थांबून तिनं शेपूट उचललं.
काही झालं नाही.

तीनच्या सुमाराला बाई म्हणाल्या, ये, ऐक.
आधी माझंच रक्त ऐकू आलं.
मग लांब, फार लांब,
कुणीतरी रिकामी घागर दगडावरनं सरकवली.
गप्प.
परत सरकवली.

उजाडलं. दूधवाला आला, गेला.
बाई दवाखाना उघडून परत आल्या.
अकराला, गिरणीच्या दारात,
चार गोळे, तेलानं चकचकीत, वाफाळते.
"लद्दी!" बसव्वा ओरडली.
"लीद!" भाऊ ओरडला,
आणि वाकून एक हातातच फोडला,
आत वाड्याचे धागे आहेत का बघायला.

"आज दाणा नाही," बाई किक मारत म्हणाल्या,
"आणि परत वाडं घातलंस तर मला बोलवू नको."

मी आंघोळ न करताच झोपले.
अजून कधी गाव गप्प झालं
आणि उजवा कान उशीवर असला
की ती घागर.