शिल्लक

मी दात मोजते.
आरसा, बॅटरी, छापील तक्ता,
आणि योकोतेच्या बर्फातून घरोघर फिरणारी
नगरपालिकेची छोटी पांढरी गाडी.
ऐंशीव्या वर्षी वीस दात हवेत,
असं दवाखान्यातलं भिंतपत्रक म्हणतं.

सादाकिचींचे सात.

सुतार माणूस. पन्नास वर्षं खिळे दातांत धरले,
एकेक काढून तुळईत ठोकला.
"तिसरा हात आहे हा," पहिल्या भेटीत म्हणाले होते,
तेव्हा अकरा होते.
धाकट्या भावावरही दात धरला होता,
वडलांचा रंधा यासुझोनं नेला म्हणून.
एकतीस वर्षं.
तोंडातले हलले, पडले.
तो एक हलला नाही.

डिसेंबरात झटका आला.
उजवं अंग गेलं, ओठ एका बाजूनं ओघळला,
कवळी बसेना.
आता चहाला खिडकी म्हणतात, हातोडीला मासा,
आणि आपण चुकलो हे कळतं त्यांना,
ते डोळ्यांत दिसतं, तेवढं बघवत नाही.

फुमिए, त्यांची मुलगी, मला दारात गाठून विचारते,
दातांमुळं झालं का हे? मी लक्ष द्यायला हवं होतं का?
काय सांगू.
हिरडीची सूज रक्तात उतरत असेल.
चावता येईना म्हणून माणूस
पातळ भात नि खारट रश्श्यावर हिवाळे काढत असेल.
किंवा एकटेपण दोन्हीकडं कुरतडत असेल.
अहवालात एवढंच आहे, फुमिए-सान:
संबंध आढळला.
कारण, असं कुणी लिहिलेलं नाही.
संबंध.

मागच्या मंगळवारी मी तक्ता उघडला
आणि यासुझो आला.
टोपीवर बर्फ, हातात डबा,
डब्यात धुरावलेला मुळा,
तान्ह्या बाळाला भरवावा इतका बारीक वाटलेला.
एकतीस वर्षांत काय बोलायचं ते ठरवून आला असणार,
पण नुसता चमचा पुढं केला.
सादाकिचींनी तोंड उघडलं.
मी त्यांच्या घशावर बोट ठेवलं,
गिळताना गाठ वर जाते का बघायला.
गेली. उशिरा, पण गेली.
मग ते भावाकडं बघत म्हणाले,
"रंधा."

शब्द चुकला होता की बरोबर होता
ते मला विचारू नका.
तेव्हापासून यासुझोचं नाव तेच आहे,
आणि तो हाकेला ओ देतो.

मी लिहिलं: शिल्लक, सात.
यासुझो वाकून तक्ता वाचत होता.
"आमचे दुधाचे दात धरले नाहीत तुम्ही.
वरचे या घराच्या जोत्याखाली फेकलेत आम्ही,
खालचे छपरावर."

छपरावर चार फूट बर्फ होता.
"उतरवायला हवा," तो म्हणाला,
आणि अठ्ठ्याहत्तरीचा तो माणूस
शिडी कुठं आहे ते विचारायला लागला.