पूर्ववत

तडवी साहेबांनी नकाशा जीपच्या बोनेटवर पसरला,
चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले
आणि म्हणाले, जागा पूर्ववत करायची आहे.

हजेरीची वही माझ्याकडे.
दहावी नापास, पण अक्षर बरं आहे.
पहिल्या पानावर तोच शब्द लिहिला.
त्याखाली अकरा बायका, तीन गडी,
आणि भिवसन भोई,
ज्याचं वय कोणी विचारत नाही.

बेशरम वाकून निघत नाही.
चिखलात बसावं लागतं, जेवायला बसल्यासारखं,
आणि मूळ बोटांनी चाचपायचं,
पोरीच्या केसांतली ऊ चाचपावी तसं.
वरून तोडली तर आठ दिवसांत
जांभळं फूल काढून परत हजर.
जलपर्णीचं तसं नाही. ती सहज येते,
फक्त येताना सगळं पाणी घेऊन येते.
पाटी डोक्यावर घेतली की मानेवरून पाठीत,
पाठीतून परकरात उतरते
नाशकाची अख्खी मोरी.
झुंबर म्हणते, शहरानं काल काय धुतलं
ते मला वासावरून कळतं.

तिसऱ्या दिवशी भिवसनच्या हाताला
जाळ्याची मातीची गोळी लागली, मधे भोक असलेली.
ती त्यानं बंडीच्या खिशात टाकली आणि विचारलं,
साहेब, पूर्ववत म्हणजे कधीचं?
माझ्या आज्याच्या बापानं इथं जोंधळा काढला,
तेव्हा बंधारा नव्हता.
त्याच्याही आधी डोह होता, कादवा इथंच गोदेला भिडायची,
मगर होती म्हणत.
मी पोरगा होतो तेव्हा रात्री इतकी बदकं उतरायची,
की पाणी झाकून जायचं.
ती आम्हीच धरली. निफाडच्या बाजारात विकली.
यातलं पूर्व कुठलं धरायचं?

तडवी साहेबांनी टोपी काढली,
घाम पुसला, टोपी घातली.
म्हणाले, आज त्या खांबापर्यंत करू.

चैत्र निम्मा झाला, कोठुऱ्याकडं कांदा काढणी लागली.
तिथं रोज जास्त, वर कांदेही मिळतात.
चार बायका गेल्या. मी गैरहजर लिहिलं,
पण शाई मला त्यांच्यावर रागावल्यासारखी वाटली.

मग एका सकाळी मधलं पाणी मोकळं झालं.
पाणी वाटलंच नाही आधी.
वाटलं, वाऱ्यानं कुणाचं पत्र्याचं छप्पर
इथं आणून टाकलंय.
दुपारपर्यंत त्यात एक बगळा, एक ढग
आणि झुंबरचं तोंड.
ती बराच वेळ बघत बसली.
मी तेवढी मजुरी कापली नाही.

शेकाट्याची जोडी नंतर आली.
पाय इतके लांब, इतके लाल,
की उडताना मागं विसरून राहिल्यासारखे दिसतात.
म्हशीच्या खुराच्या खळग्यात चार अंडी,
चिखलाच्याच रंगाची, वर काळी शिंतड.
झुंबरचा पाय त्यांच्यापासून वीतभर होता.
तिनं जुन्या लुगड्याचा काठ फाडला,
काठीला बांधला, काठी रोवली,
आणि शिव्या घातल्या. पक्ष्याला, साहेबाला, मला.
कारण आता त्या पट्ट्यात तीन आठवडे काम बंद,
म्हणजे रोजही बंद,
आणि हे तिला काठी रोवायच्या आधीच कळलं होतं.

वरून आवर्तन कधी सुटणार, पाटकरी सांगत नाही.
त्यालाही वरूनच कळतं, तो म्हणतो.
भिवसन रोज तिन्हीसांजेला
पाण्याच्या कडेला एक काडी खोचतो,
उजाडता बघतो.
आज दोन बोटं चढलंय.

आम्ही बांधावर उकिडव्या बसलोय,
कामाला नाही, नुसत्याच.
मादी उठते. चार पावलं चालते.
आम्ही उपटून टाकलेल्या, वाळलेल्या ढिगातून
एक मुळी ओढते, टाकून देते,
दुसरी घेते, आखूड,
आणि अंड्यांखाली सरकवते.
परत येते ढिगाकडं.