अदलाबदल, ट्रेहर्बर्ट

एलुनेड प्रॉथरो, वय एकाहत्तर, निवृत्त सुईण.
तिनं बॉनेटही उघडायला लावलं नाही.
"पळते ना?" एवढंच.

सहा हिवाळे मी हिच्या पोटाखाली
उताणा पडून काढले.
टर्बो, निळ्या स्प्रिंगा, मांडीएवढा एक्झॉस्ट.
आता गोदामाची रात्रपाळी, जाऊन-येऊन साठ मैल,
आणि विम्याचं पत्र:
मी दोनदा वाचलं,
तिसऱ्यांदा बायकोनं, मोठ्यानं.

प्रॉथरोबाईंची हॅचबॅक पिस्ता रंगाची.
सीटवर उशी, खणात पेपरमिंट,
मागच्या काचेवर कुत्र्याच्या नाकाचे ठसे.
"कुत्रा गेला मार्चमध्ये," म्हणाली,
"पण लगेच पुसू नकोस."

सह्या झाल्या. चहा तिनं अर्धा ठेवला
आणि निघाली रिगोसच्या घाटानं वर.
तिसऱ्या वळणाला गिअर उतरवला,
अगदी जिथं मी उतरवायचो तिथं,
आणि दरी भरून आली.

मी फाटकाशी, हातात हलकीशी किल्ली.
इतकी वर्षं मी आत होतो;
गावाला काय ऐकू येत होतं
ते आज ऐकलं.

समोरच्या ब्लेडिननं सवयीनं खिडकी लावली,
मला बाहेर उभा पाहिलं,
आणि पुन्हा उघडली.