हातचा एक

अठ्ठेचाळीस सालच्या नोव्हेंबरात
मक्याची ताटं ओलीच राहिली होती,
खुडणी यंत्रात घडोघडी अडकायची.
अडकलं की इंजिन बंद करावं, खाली उतरावं,
ताट ओढून काढावं, मग पुन्हा चढावं.
नेब्रास्काच्या आमच्या टापूत हे सगळ्यांना पाठ होतं
आणि करत कोणीच नव्हतं.
थंडीत इंजिन एकदा रुसलं
की अर्धी सकाळ त्याच्या मिनतवारीत जाते.

बाबांनी नुसतं वाकून ओढलं.
रुळांनी ताट घेतलं, ताटाबरोबर हातमोजा,
हातमोज्याबरोबर
—ही गोष्ट आमच्या घरात इथवरच सांगतात.

तिसऱ्या दिवशी शेजारचे अकरा ट्रॅक्टर आले.
दीड दिवसात आमचं शेत मोकळं.
बायकांनी खसखशीचे कोलाचे आणले, कॉफीचा हंडा आणला.
मी कुंपणावर बसून मोजत होते:
ताट अडकल्यावर इंजिन बंद करणारे
सकाळी अकराच्या अकरा,
जेवणानंतर सात,
उन्हं कलली तेव्हा दोन.

त्या हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या टेबलाशी
आम्ही दोघं शिकत होतो.
मी बेरीज, बाबा डाव्या हाताने अक्षरं.
नवीनच वीज आली होती, दिवा एकच,
तो दोघांच्या मधोमध.
'सात आणि आठ पंधरा,' मी म्हणायचे,
'पाच खाली, हातचा एक.'
बाबांची पेन्सिल थांबायची.
मग ते म्हणायचे, 'पुढचं गणित घे, झ्देना.'

ऑरिन ट्वेटचा डावा हात
चार वर्षांपूर्वी मळणीच्या पट्ट्यात गेलेला.
दर हंगामाला दोघे मिळून
हातमोज्यांचा एकच जोड घ्यायचे.
डावा बाबांना, उजवा ऑरिनला.
किंमत एकोणपन्नास सेंट,
त्याचे दोन सारखे भाग होत नाहीत.
उरलेल्या एका सेंटवरून दुकानात
इतका वेळ हुज्जत घालायचे
की दुकानदार गल्ल्यावरून उठून
मागे बटाटे निवडायला जायचा.

आईने कोणाशी हुज्जत घातली नाही.
बियाण्याच्या जुन्या पेटीचा पत्रा कापला,
ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावर ठोकून वाकवला,
पन्हाळीसारखा.
बसायच्या जागेपासून इंजिनाच्या खटक्यापर्यंत
दोरी बांधली, कपडे वाळत घालायची,
दुसरं टोक बाबांच्या पट्ट्याला.
बाबा उठले की इंजिन मरायचं.
पहिल्या आठवड्यात बाबांनी चेक भाषेत
जे जे म्हटलं ते मला तेव्हा कळायला नको होतं,
कळत होतं.

मार्चमध्ये जिल्ह्याचा शेती सल्लागार आला,
गुडघ्यावर बसून दोरीचं चित्र काढून घेऊन गेला.
छापील पत्रक आलं:
'एका कल्पक शेतकऱ्याची युक्ती'.
आईने ते दोनदा वाचलं, चौघडी केली
आणि खुराड्याच्या फटीत कोंबलं.
तिथून वारा येत होता.

ऑरिन गेला त्यानंतरही
बाबा जोडच आणत राहिले. सुटा कोण विकतो?
उजवे खणात पडत गेले,
कोरे, कडक, दुकानाच्या वासाचे.
परवा मोजले. चौदा.
त्यातला एक मी काढला,
मला दोन बोटं मोठा होतो.

आता यंत्र माझं आहे, रंग दुसरा,
इंजिन रुसत नाही, दोरीही लागत नाही.
तरी ताट अडकतं. तेवढं बदललेलं नाही.
मी बंद करते, उतरते.
पण बंद केल्यावरही रूळ थोडा वेळ
आपल्याच नादात फिरत राहतात,
म्हणून हात पाठीशी घेऊन
मी चिखलात उभी राहते, मोजत.
सात आणि आठ पंधरा.
पाच खाली.