कल्हई

सोहारच्या बंदरामागं, जिथं रस्त्याला अजून नाव नाही,
आमच्या प्रयोगशाळेचा पत्रा आठ वाजताच तापतो.
खल्फान पिशवी घेऊन येतो, खजुराच्या बिया,
रात्रीच्या मजलिसीत चघळलेल्या, सकाळी धुतलेल्या.
"सासऱ्यांच्या तोंडातल्या आहेत," म्हणतो, "आदरानं दळ."

मी आदरानं दळते.
उकळून गाळलं की पाणी विटकरी होतं,
त्यात तांब्याच्या क्षाराचं निळं थेंबाथेंबानं सोडायचं.
निळं हिरवं होतं, हिरवं मातकट,
मग ज्याला नाव नाही असा एक रंग,
आणि तळाशी तांबं बसतं, पिठाहून बारीक.
भट्टी नाही. हातमोज्यातून चावणारं काही नाही.

वर कथलाचा थर, इतका पातळ
की आहे म्हणायला यंत्र लागतं.
ऊन चढलं की काचेच्या भांड्यात हाच थर
पोलादाच्या कारखान्यातून धरून आणलेल्या धुराला
पाण्याशेजारी बसवतो, समजावतो,
पुन्हा जळता येईल असं काहीतरी करून सोडतो.
नोंदवहीत लिहायचं: तांबे-कथील, नमुना सव्वीस.
मी मनात म्हणते, कल्हई.

नाना सांगोल्याच्या बाजारात खड्डा खणून बसायचे.
भाता माझ्याकडं.
तापल्या पातेल्यात नवसागराची चिमूट, पांढरा लोट,
कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा
एकदाच, गोल.
पातेल्यात तोंड दिसायचं.
धूर निम्मा आभाळात जायचा, निम्मा नानांच्या छातीत.

"आखातात करतेस तरी काय?" फोनवर विचारलं त्यांनी.
कल्हईच, म्हटलं. धुराशिवाय.
"मग कथील धरतं कसं?"
खजुरामुळं.
बराच वेळ लाईनवर
नुसता भाता चालू होता.

शुक्रवारी खल्फाननं डोंगरात नेलं.
काळ्या मळीचे ढीग, काचेसारखे धारदार.
हजार वर्षांमागं इथं तांबं गाळायचे.
मी विचारलं, एवढ्या भट्ट्यांना झाडं कुठली?
त्यानं ढिगाला हलकेच पाय लावला.
"ही," म्हणाला.
परतीच्या वाटेवर एक बाभूळ दिसली,
तिच्या सावलीत तीन शेळ्या, चौथीला जागा नव्हती.

पुस्तकं सांगतात, उत्प्रेरक स्वतः खर्चत नाही.
पुस्तकांनी कधी भांडी वापरलेली नाहीत.
साठाव्या तासाला पडद्यावरची रेघ कलते,
कल्हई उडालेली असते, तांबं उघडं.
ते फेकायचं नाही. काळ्या वाळल्या लिंबांच्या पाण्यात
चार दिवस ठेवलं की पुन्हा निळं सुटतं,
पहिल्याइतकं नाही, थोडं कमी.
ते थोडं कुठं जातं, मला अजून सापडलेलं नाही.

संध्याकाळी खल्फानला निरोप धाडला: बिया संपल्या.
त्याचं उत्तर आलं,
सासरे म्हणतात, रमजान येऊ दे.