दोन-तीन-सात

वाडी नाक्याच्या पुढं, रिमोल्ड टायरांच्या ढिगामागं,
हेडाऊंच्या टिनाच्या शेडमध्ये ती उभी होती :
पाँटिॲक, अडुसष्टची, स्टिअरिंग डावीकडं,
मागच्या सीटवर मांजरीचं बिऱ्हाड.
राजुरकर बिल्डर फोनवर एवढंच म्हणाले होते,
‘जी.टी.ओ. आहे म्हणतात. खरी असेल तर सांगा.
नसेल तरी सांगा, पण आधी मला.’

मे महिना. अकरालाच पत्रा तडतडत होता.
खिशातलं चुंबक काढून रुमालात गुंडाळलं,
उघडं लावलं तर रंगावर ओरखडा,
आणि वत्सलाबाई बघत होत्या.
दारानं धरलं. छतानं धरलं.
मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवरून मात्र घसरलं :
आत पुट्टी, बोटभर.
‘तिथं बैल धडकला होता,’ त्या म्हणाल्या,
‘मनसरच्या बाजारात. बैलाले काई नाई झालं.’

मग बोनेटखाली शिरलो.
तेवीस वर्षं आरटीओच्या फाटकाबाहेर
चेसिसच्या पेन्सिल प्रिंट काढून पोट भरलंय मी.
कागद दाबून धरायचा, शिसं आडवं फिरवायचं,
लोखंडात खोल गेलेलं कागदावर पांढरं उमटतं.
डिस्ट्रिब्यूटरजवळ, तेलाच्या खरपुडीखाली,
ओतीव खुणा : सी, एक, दोन, आठ.
बारा मार्च अडुसष्ट. त्या दिवशी हे लोखंड पातळ होतं.
इंजिनाला आपली तारीख नक्की ठाऊक.
माझी गुरुजींनी टाकलेली, एक जून;
आमच्या वर्गात सतरा जणांची एक जून.

इंजिनावरचा आकडा काचेमागच्या पट्टीशी जुळला.
पट्टीचे रिव्हेट सहा पाकळ्यांचे, कंपनीचेच,
कुणी उचकटलेले नाहीत.
गाडीत खोट नव्हती.
फक्त सुरुवातीचे तीन आकडे.
जी.टी.ओ. असती तर दोन-चार-दोन.
इथं दोन-तीन-सात.
ल मान्स. चुलत बहीण.
तीच चण, तेच खांदे, छातीत जोर कमी.
काच पुसून पुन्हा वाचलं.
तीन. सात.
आणि समोर जाळीवर ती तीन अक्षरं
लखलखत होती की नाही, तर होती.

‘ते पितळ हाय,’ बाई मागून म्हणाल्या.
‘इतवारीतल्या कासाराकून करून आणलं मालकानं,
वरून निकेल मारलं.
खाणीवरच्या साहेबाकडं सा महिन्याचा पगार थकला होता,
जातानी म्हणे पैसे नाही, गाडी घे.
मालक मिस्त्री. त्याईले का समजत नसन?
पण गोळीबार चौकात जो तो इचारे, कोनती गाडी, कोनती गाडी,
आन् ते नाव कोनाच्या तोंडातच बसेना.
तीन अक्षरं सोपी पडली.’

शेडबाहेर येऊन, लिंबाच्या सावलीत, फोन लावला.
‘किमतीत किती फरक?’
निम्म्याहून जास्त.
‘मग म्हातारीला बोलू नका काही.’
म्हटलं, साहेब, त्यांनीच मला सांगितलं.
पलीकडं जरा वेळ नुसता एसीचा आवाज.
‘मग काय मजा,’ म्हणाले, आणि ठेवला.

रात्री माझे दीड हजार मोबाइलवर आले.
पेन्सिल प्रिंट त्यांनी मागितली नाही,
ती माझ्या वहीत आहे, वीजबिलांच्या मधे.
चुंबक सापडेना.
दोन दिवसांनी वत्सलाबाईंना विचारलं.
‘छतावर हाय,’ म्हणाल्या, ‘रुमालासकट.
पोट्ट्यांनी गाडी ढकलत बाहेर काढली, पाईप लावून धुतली,
तरी पडलं नाई.’